दुसरी वेलांटी

गुरुजींनी छापील पान डोळ्यांशी नेलं, भिंग फिरवत दोन ओळी वाचल्या आणि पान टेबलावर ठेवून दिलं.

"हे तिचं नाही, ताई."

डीटीपीवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "असं कसं, गुरुजी? तुम्ही दिलेल्या पत्रांवरूनच केलंय. अकराच्या अकरा. टाइप मोठा हवा होता, मोठा केला. शुद्धलेखन तेवढं सुधारलं. काकूंच्या चुका बऱ्याच होत्या."

"त्याच शोधतोय. कुठे गेल्या?"

बाईंना हसू आलं. चूक राहिली म्हणून डोकं खाणारी गिऱ्हाइकं त्यांनी जन्मभर पाहिली होती; चूक गेली म्हणून आलेला हा पहिलाच. पण गुरुजी हसत नव्हते. त्यांनी पिशवीतून एक मूळ पत्र काढून पुढे सरकवलं. पेन्सिलीचं अक्षर पार पुसट झालं होतं. त्यावर ठिकठिकाणी लाल शाईच्या खुणा होत्या, त्या मात्र ठसठशीत.

"लिहायला ती लग्नानंतर शिकली, माझ्याकडूनच. मी बदलीच्या गावी. तिचं पत्र आलं की तपासायचो आणि उलट टपालानं परत धाडायचो. ती गेल्यावर ही पत्रं तिच्या कपाटात सापडली." गुरुजींनी पत्र डोळ्यांशी नेऊन पुन्हा खाली ठेवलं. "आता नजर गेली. पेन्सिल दिसतच नाही. माझी लाल शाई तेवढी दिसते."

बाईंनी स्टूल पुढे ओढलं. "बसा."

पहिलं पत्र उघडून त्या एकेक चूक परत घालू लागल्या. 'आणि'चं 'आनि' झालं, 'तुम्ही'चं 'तुमी'. मग 'कधी येणार' आलं. काकूंनी 'धी'ला दोन वेलांट्या दिल्या होत्या, एकीला लागून दुसरी. बाईंनी दुसरी टाइप केली. तिच्यामागे पडद्यावर तुटक रेघेचं एक रिकामं वर्तुळ उमटलं.

"एका अक्षराला एकच वेलांटी घेतो हा कॉम्प्युटर. दुसरीला अक्षर मिळत नाही, म्हणून मोकळी जागा दाखवतो."

"मीही तेच लिहून पाठवलं होतं," गुरुजी म्हणाले. "एकच पुरे."

बाईंनी वेलांटीचं चित्र करून घेतलं आणि माऊसनं केसभर केसभर सरकवत 'धी'ला चिकटवलं. तिचं डोकं पहिलीच्या डोक्याशी जुळेना. पुन्हा सरकवलं. पत्रांत 'कधी' नऊ वेळा होतं. नऊही वेळा त्यांनी ते हातानं बसवलं. कपातला चहा निवून गेला. गुरुजी पडद्याला नाक लावून एकेक शब्द पुटपुटत वाचत होते.

अकरावं पत्र दोनच ओळींचं. 'मी बरी आहे. काळजी नसावी.'

बाईंनी मूळ कागद खिडकीच्या उजेडात धरला. "यात एकही चूक नाही, गुरुजी. 'कधी'पण नाही. खाली लाल शाईत 'दहापैकी दहा' लिहिलंय. तेही घ्यायचं?"

गुरुजींनी कागद हातात घेऊन त्या लाल शाईवर बोट फिरवलं.

"त्यानंतर तिचं पत्र आलं नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, शिकली."