शब्द आले तर शून्य

हॉस्पिटलच्या फॉर्ममधल्या ‘दुखणं किती, शून्य ते दहा’ या रकान्यात पेशंट जे टाईप करेल, त्याचा दशांश आकडा करून डेटाबेसमध्ये टाकायचा, एवढंच काम होतं. त्याने तो प्रोग्राम सी भाषेत चार ओळींत उरकला.

"आणि कुणी आकड्याऐवजी शब्द लिहिले तर?" चाचणी घेणाऱ्या बाईंनी विचारलं.

"सरळ शून्य होईल. आकडा विचारलाय, निबंध नाही."

सगळी खोली खो खो हसली होती.

आज त्याच हॉस्पिटलच्या बाकावर त्याची आई पोट धरून तीन तास बसली होती. मागून आलेले तपासून घेऊन घरीसुद्धा गेले, तेव्हा मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो काउंटरवर जाऊन कडाडला.

"ओरडू नका," नर्सने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "ज्याचं दुखणं जास्त, त्याचा नंबर आधी. तुमच्या आईंचं शून्य आहे."

तो बाकाशी परतला. "आई, फॉर्ममध्ये काय लिहिलंस?"

"आता सोसवत नाही, असं लिहिलं," कळ दाबत ती म्हणाली. "आकडा कशाला टाकू? म्हटलं, माझ्या लेकाचा प्रोग्राम आहे, त्याला आईचं बोलणं कळेल."