राजेंनी अन्न सोडलं

राजेंनी आज पुन्हा कोळंबीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने चिमट्यात धरलेली कोळंबी पाण्यात डावीकडे नेली, उजवीकडे नेली, बरीच लाडीगोडी लावली. राजे तिच्यापुढून सरकत गेले आणि कोपऱ्यात तोंड फिरवून थांबले. हातभर लांबीचा अरोवाना मासा, अख्खा बेडूक एका घासात गिळेल असा शिकारी, आणि सोमवारपासून अन्नाला शिवला नव्हता.

तिचा जीव टांगणीला लागला होता. टँकचं पाणी बदलून झालं, हीटर तपासून झाला, चिमूटभर मीठही घालून झालं. त्यात धाकट्या भावाचा फोन. आई घसरून पडली होती, खुब्याचं ऑपरेशन होतं आणि तिला लेक जवळ हवी होती.

"ताई, निघतेस ना? आई सारखं तुझंच नाव घेतेय."

"राजेंनी तोंडात काही घेतलं की लगेच निघते रे."

"बाबांच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस."

तिला ते लागलं. खोटं नव्हतं म्हणून जास्तच लागलं. वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा ती सकाळच्या गाडीने जायची आणि दुपारच्या गाडीने परत फिरायची, कारण संध्याकाळी राजेंना भरवायचं असायचं. वडील गेले ते अशाच एका संध्याकाळी.

मासा नवऱ्याने आणला होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दोघांचं जोरदार वाजलं होतं आणि ती माहेरी जाऊन चांगली चार महिने राहिली होती. परत आली त्याच आठवड्यात तो हा टँक आणि बोटाएवढे राजे घेऊन आला. "खास तुझ्यासाठी," म्हणाला. ती विरघळलीच. त्याने तेव्हाच बजावलं होतं, की हे शिकारी मासे भलते मानी असतात. एकाच हातून खातात, आणि एक दिवस जरी तो हात दिसला नाही तरी काचेवर डोकं आपटून जीव देतात. तिने ते मनावर घेतलं. सहली सोडल्या, भावाच्या लग्नातही पंगत उठायच्या आत निघाली. कुणी हसलं तर म्हणायची, "तुमच्या पदरात पोरं आहेत, माझ्या पदरात मासा!"

आता मात्र तिच्या हातात काही उरलं नाही. राजेंच्या खाण्याच्या पाकिटावर दुकानाचा नंबर होता, तो तिने फिरवला. सगळी आणाआण नवराच करायचा, त्यामुळे तिने दुकान कधी पाहिलं नव्हतं. दुकानदार लगेच आला. आजारी मासे बघायचा म्हणून सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. त्याने बॅटरीच्या उजेडात राजेंना सगळीकडून न्याहाळलं.

"वहिनी, मासा ठणठणीत आहे हो. लाडाने फुगलाय, एवढंच. डोळ्यामागे चरबी चढली, म्हणून डोळा असा खाली झुकलाय. किती वेळा खायला घालता?"

"सकाळ-संध्याकाळ. एक दिवस चुकवला नाही."

"अरे देवा! एवढ्या मोठ्या माशाला दिवसाआड दिलं तरी पुष्कळ. आता पंधरा दिवस काही घालू नका."

"पंधरा दिवस? मरेल तो!"

डॉक्टर हसायला लागले. तेवढ्यात चष्म्याचं दुकान बंद करून नवरा जेवायला आला. त्याला पाहून डॉक्टरांना आणखीच जोर चढला.

"या साहेब! तुम्ही वहिनींना सांगितलं नाहीत वाटतं? मासा घेताना पहिला प्रश्न तुम्हीच विचारला होतात, घरातली माणसं बाहेरगावी गेली तर हा किती दिवस उपाशी राहील? मी म्हटलं, मोठा झाला की पंधरा दिवस खुशाल राहील. घराला कुलूप लावा आणि फिरून या."

कुणीच हसलं नाही. डॉक्टरांनी बॅटरी खिशात टाकली आणि काढता पाय घेतला.

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो माशाकडे.

"तू तेव्हा चार महिने गेली होतीस," अखेर तो म्हणाला. "परत गेलीस तर येणारच नाहीस, असं वाटायचं मला. म्हणून..."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वडिलांनी डोळे मिटले तेव्हा ती या काचेसमोर चिमटा धरून उभी होती. पोट भरलेल्या माशापुढे! परक्याने फसवलं असतं तर तिने चार शिव्या घातल्या असत्या. हा तर घरातला माणूस. याच्या ताटात ती रोज आधी वाढत आली होती.

ती आत गेली. बॅगेत चार साड्या कोंबल्या, भावाला फोन करून निघाल्याचं कळवलं आणि चपला घातल्या. नवरा दारापर्यंत आला.

"अगं, पण परत कधी येशील?"

"मासा किती दिवस राहतो ते कळलं," ती म्हणाली. "आता तुम्ही किती दिवस राहता, ते बघू."