बेलरचा पट्टा

आठ म्हशींची वैरण होणारं काड रानात पसरलेलं, वर ढग दाटलेले आणि गठ्ठे बांधणाऱ्या बेलरचा पट्टा नेमका आत्ताच घसरलेला. इसाक मिस्त्रींनी सावकाश ट्रॅक्टर बंद करून चावी खिशात टाकली, बेलरचं मागचं दार उचलून खिट्टी लावली, मग चष्मा पुसला.

"एवढ्यात लग्न लागलं असतं," रानाचे मालक केरबाअण्णा धुसफुसले.

"लागलं असतं. पण हार घालायला हात लागतात," म्हणत मिस्त्री खांद्यापर्यंत आत शिरले.

अण्णांना राहवेना. ट्रॅक्टर चालू करून पट्ट्याला हिसका दिला की तो आपसूक बसतो, हे त्यांचं अनुभवसिद्ध अज्ञान होतं. गावात कुठल्याही ट्रॅक्टरला कुठलीही चावी चालते. त्यांनी शेजाऱ्याची आणून फिरवली.

ट्रॅक्टर ढिम्म.

"अण्णा, कोणाची चावी आणलीत?" आतून शांत आवाज आला. "बॅटरीची वायर काढलीय मी. तुमच्या गावात पहिल्यांदा नाही येत."

अण्णांनी वाकून पाहिलं. मिस्त्रींचे दोन्ही हात पट्ट्यांच्या आत होते. अण्णांनी शेजाऱ्याची चावी उपसून घेतली. काडावर टपोरे थेंब पडू लागले, पण 'आटपा' म्हणायला त्यांची जीभ रेटेना. छत्री उघडून ते मिस्त्रींच्या पाठीवर धरून उभे राहिले.