दहा फुटांवरून

टेबलावर दोन सोप्रानो सॅक्सोफोन होते, एक वाकडा आणि एक सरळ. मी मोजायची टेप लावून पाहिली. नळीची लांबी दोन्हींची जवळजवळ सारखीच होती, एकीला फक्त वळण दिलेलं.

"हा सरळ मुका आहे. बँडमधल्या डॉमनिकने माझ्या गळ्यात मारलाय," पप्पा म्हणाले. रविवारी नंदाखाल गावातल्या लग्नात अख्खा बँड त्यांच्या सुरावर चालणार होता. "बीएस्सी झालीस ना? मग मोज आवाज!"

मी फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप लावून दहा फुटांवर उभी राहिले. आमचं साधं बोलणं साठ डेसिबलच्या आसपास भरत होतं. पप्पांनी एकच सूर दोन्हींवर वाजवला. वाकडा ब्याण्णव. सरळही ब्याण्णव.

मग मुका कसा? मी नीट पाहिलं. वाकड्याचं तोंड वर वळून वाजवणाऱ्याच्या कानांजवळ येत होतं, सरळाचं समोर, ऐकणाऱ्यांकडे होतं. पप्पांनी आयुष्यभर वाकडाच वाजवला होता.

ते पाठमोरे बसून रीड, म्हणजे सॅक्सोफोनच्या तोंडाची पातळ पट्टी, पुसत होते. "पप्पा, दोन्ही सारखेच आहेत," मी म्हणाले. ते पुसतच राहिले. मी जवळ जाऊन हाक मारली. मग आवाज चढवून पुन्हा मारली.

शेवटी खांद्याला हात लावला, तेव्हा ते दचकून वळले आणि माझ्या ओठांकडे बघू लागले. "अगं, बोल की! किती भरला?"

मी खाली पाहिलं. हातातला फोन अजून मोजत होता. माझी शेवटची हाक, त्यांच्या कानापासून दोन फुटांवर: एकाहत्तर डेसिबल.