पुढं कोण हाय?

जीप पुरती थांबायच्या आत मोहनसिंगने उडी मारली. वळणावरच्या बारीक खडीवर गुलनाजची सायकल घसरली होती आणि ती कुशीवर आपटली होती. तो पोचेपर्यंत ती उठून बसली. कोपर सोललं होतं. हेल्मेटला कानामागे लांब चीर गेली होती.

मोहनसिंगने त्या चिरेवरून बोट फिरवलं. डोक्याला असाच मार बसून त्याची स्वतःची सायकल सुटली होती आणि तो संघाचा व्यवस्थापक झाला होता. डोक्यावर पडलेल्याला पुन्हा सायकलवर बसवायचं नाही, हे त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं.

"नाव सांग तुझं."

"गुलनाज. सर, जाऊ द्या ना. मागच्या पोरी येऊन राहिल्या."

"चक्कर?"

"न्हाई."

हिंगोलीपासून ती सगळ्यांच्या पुढे होती. शर्यत वारंगा फाट्यावर संपणार होती, आणि त्याच्या संघाने आजवर एकही मोठी शर्यत जिंकली नव्हती. चढावर मागच्यांची डोकी दिसू लागली. मोहनसिंगने जीपमधलं दुसरं हेल्मेट तिला घातलं, पट्टा आवळला आणि पाठीला हात लावून तिला ढकललं. फुटकं हेल्मेट त्याने सीटखाली सरकवलं. ड्रायव्हर प्रेमानंद ते पाहत होता.

जीप तिच्या बरोबरीला आली तेव्हा तिने विचारलं, "सर, पुढं कोण हाय?"

"कोणीच न्हाई. तूच हायेस."

ती हसली. पुलाजवळ तिने पुन्हा मान वळवली.

"सर, पुढं कोण हाय?"

प्रेमानंदचा पाय ब्रेककडे गेला. "थांबवू का सर?"

"फाटा आलाच," मोहनसिंग म्हणाला.

पुढे रस्ता डावीकडे वळला. गुलनाज वळली नाही. ती सरळ सोयाबीनच्या वावरात गेली आणि तिथेच कोसळली. मोहनसिंग धावत पोचला तेव्हा ती ओकत होती.

"मी इथं काहून आले सर?"

नांदेडच्या दवाखान्यात त्याने डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. डोक्यात रक्त साकळलं होतं. जीव वाचला होता. बाकीचं शुद्धीवर आल्यावर कळणार होतं. डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. "वडलांना हे तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाल्या.

वडील, इब्राहीम, कळमनुरीत गाद्या भरायचे. हातातलं काम टाकून आले होते. केसांत, दाढीत कापूस अडकला होता. त्यांनी काचेतून लेकीला पाहिलं आणि मग मोहनसिंगचे दोन्ही हात धरले.

"तुमच्या डायवरनं सांगितलं फोनवर. वावरात पळत जाऊन तुमीच उचललं म्हणं तिला."

"इब्राहीमभाई, आधी ऐका. मी तिला..."

"काही बोलू नगा सर. दुसऱ्या कोणी शर्यत पाहिली असती, तुमी लेकरू पाहिलं."

मोहनसिंगने प्रेमानंदकडे पाहिलं. प्रेमानंद खिडकीबाहेर बघत होता.

इब्राहीमनी डोळे पुसले. "धाकटी बी सायकल मागून राहिली, खुशनुमा. आजवर म्या न्हाईच म्हणत हुतो. आता तिलाबी तुमच्याच हवाली करतो."