जाळीखालचा तुकडा

मेकॅनिकने बेल वाजवली आणि थोरलीला आठवलं, तुकडा काढायचा राहिला. मेला संध्याकाळी यायचा होता, सकाळीच टपकला!

तुकडा जुन्या अभ्र्याचा होता. तिनेच कापलेला, अगदी मापात. धाकट्या जावेने ड्रायर आणला त्या दिवशी हाच मेकॅनिक तो जोडायला आला होता. हाताने आतलं पिंप फिरवून दाखवत म्हणाला होता, "यात जादू काही नाही, वहिनी. गरम हवा कपड्यांतून जाते, ओल उचलते आणि मागच्या नळीतून बाहेर पडते. दारातली ही जाळी कपड्यांचा भुरा धरते. ती रोज साफ करा. जाळी तुंबली की हवा कोंडली. मग कपडे नुसते उकडतात, वाळत नाहीत." धाकटी मान डोलावत होती. थोरली खाली मान घालून भाजी निवडत होती, पण कान तिकडेच.

बावीस वर्षं या घराचे कपडे थोरलीच्या दोरीवर वाळले होते. शर्ट उलटा टांगायचा, चिमटा शिवणीलाच लावायचा, आणि त्याआधी असा सणसणून झटकायचा की इस्त्रीने तोंड लपवावं. शेजारणी बघायला यायच्या. आणि आता? आता सासूबाई मशीनमधला टॉवेल गालाला लावून म्हणायच्या, "अगं बाई, मांजराच्या पोटासारखा उबदार!" नवरा तर घरभेदीच निघाला. "हे मशीन आधीच का नाही आणलं?" म्हणाला. बावीस वर्षांची माती! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दुपारी तिने कात्री घेतली.

तुकडा जाळीखाली बसला आणि काय बहार आली! मशीन दोन-दोन तास घरघरायचं आणि टॉवेल बाहेर यायचे ते तापकऱ्याच्या कपाळासारखे, गरम आणि दमट. धाकटी जाळीवरचा भुरा इमानेइतबारे काढायची. जाळीच्या खाली बघायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. आठवड्याभरात सगळं घर गुपचूप दोरीकडे परतलं.

"राहू दे गं," थोरली मोठ्या मनाने म्हणायची. "यंत्रच ते. त्याला माणसाच्या हाताची सर कुठली?"

बेल पुन्हा वाजली.

"ताई, दार उघडता का?" धाकटीने हाक मारली. ती मशीनपाशीच बसली होती, सकाळच्या ओलसर टॉवेलांच्या ढिगात, रडवेली होऊन.

"तूच उघड. माझे हात ओले आहेत."

धाकटी उठून गेली. थोरलीने झडप घातली, जाळी उपसली, खाली बोटं घातली.

तुकडा नव्हता.

मेकॅनिक आला. त्याने जाळी उजेडात धरली, नळी तपासली, तेच टॉवेल आत टाकून मशीन लावलं. थोरली दाराची चौकट धरून उभी. आता हा काहीतरी बोलणार, आता सगळ्यांसमोर आपली अब्रू निघणार. अर्ध्या तासाने टॉवेल निघाले. खडखडीत.

"मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "एका वेळी फार कोंबत असाल तुम्ही."

"माझंच चुकलं असणार, ताई," धाकटी ओशाळून म्हणाली. थोरलीला तिच्याकडे बघवेना.

"थोरले, जरा इकडे ये," सासूबाईंनी आपल्या खोलीतून हाक मारली. ती आत गेली. "दार लाव."

तिने दार लावलं. सासूबाईंनी उशीखालून अभ्र्याचा तुकडा काढला. एक कड तपकिरी झाली होती.

"सकाळी करपल्याचा वास आला म्हणून बघायला गेले. घर पेटवतेस काय गं?"

"आई, मी..."

"बस खाली." सासूबाईंनी तुकडा शिंप्यासारखा उलटसुलट न्याहाळला. "तू लग्न होऊन आलीस तेव्हा दोरी माझी होती. महिन्याभरात जो तो तुझ्या हातचे शर्ट मागायला लागला. तुझे सासरेसुद्धा! त्या वर्षी तुझी दोरी तीनदा तुटली. धुतलेले कपडे चिखलात. मी सगळ्यांना सांगायचे, दोरीच कुजकी निघाली, पोरीचा काय दोष!"

थोरलीने मान वर केली. सासूबाई ओठ दाबून हसत होत्या.

"म्हणजे... तुम्ही?"

"मागे पुरावा ठेवायचा नसतो, वेडे. दोरी अर्धीच कापायची. उरलेलं काम ओल्या चादरी करतात."