शनिवारची भेट

इंग्लंडमध्ये कैद्यांना भेटायला जाणाऱ्या घरच्यांना सरकार गाडीभाडं देतं. मॉरीनने सहा वर्षं दर पंधरवड्याला त्याचा अर्ज भरला आणि दोन गाड्या बदलून डरहमच्या तुरुंगात लेकासमोर बसून चहा घेतला. या वेळचा अर्ज परत आला, तशी तिने कचेरीत फोन लावला.

"आजी, तुमचा क्रेग मार्चमध्येच सुटलाय," पलीकडची मुलगी म्हणाली. "आता कुठल्या तुरुंगात जाणार?"

"तुरुंगात नाही गं, लीड्सला. तिथं खोली घेतलीय त्याने. भेट ती भेटच ना?"

"सुटलेल्यांसाठी नाही मिळत भाडं. आता त्यालाच घरी बोलवा की."



"बोलावते गं दर शनिवारी, पण त्याला सवड नसते. आत होता तेव्हा माझी वाट बघायचा."